फॉर्म ८८५७ मधला एक प्रश्न

न्यू जर्सीत आयकराची विवरणपत्रे भरून देण्याचा माझा व्यवसाय आहे आणि एप्रिलची गर्दी ओसरली की मे महिन्यात जरा उसंत मिळते. अशाच एका दुपारी मूळच्या पुण्याच्या एक बाई किराणा दुकानाच्या पिशवीत कागद कोंबून माझ्याकडे आल्या. पतीपासून वेगळे राहून त्यांना चौदा महिने झाले होते. त्यांनी स्वतंत्रपणे भरलेल्या विवरणपत्राचा परतावा बँकेत जमा होण्याऐवजी पतीसोबत भरलेल्या २०२१ च्या संयुक्त विवरणपत्राच्या थकबाकीत वळता झाला होता. "ताई, पगार माझा, कर माझा कापलेला, मग मी हे फेडतेय तरी कुणाचं?" असे त्यांनी विचारले.

थकबाकी सुमारे ३८,००० डॉलर होती. पतीने शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या व्यवहारांत मिळवलेला नफा विवरणपत्रात दाखवलाच नव्हता आणि त्याबद्दलच्या नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. भारतात पती-पत्नी आपापले विवरणपत्र भरतात, त्यामुळे इथे संयुक्त विवरणपत्रावर सही करताना पूर्ण कराला दोघेही, आणि वेळ आली तर एकेकटाही, जबाबदार ठरतो हे आपल्याकडच्या अनेकांच्या ध्यानातच येत नाही. घटस्फोटाच्या करारात 'कर पतीने भरावा' असे लिहून घेतले तरी ते अमेरिकेच्या कर खात्याला, म्हणजे आयआरएसला, बांधत नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या करकायद्यात आलेल्या कलम ६०१५ ने यातून सुटण्याचे मार्ग दिले आहेत. अर्ज करण्यापूर्वीचे बारा महिने पती-पत्नी वेगळे राहत असतील तर कमी दाखवलेल्या कराची वाटणी करून मागता येते, आणि आम्हाला तोच मार्ग सोयीचा होता. मात्र वसुलीची पहिली कारवाई झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. वळता झालेला परतावा हीच ती कारवाई होती, म्हणजे मुदत सुरू झाली होती.

या अर्जाचा फॉर्म ८८५७ भरताना आम्ही अडलो ते 'सही करतेवेळी काही चुकीचे किंवा राहून गेलेले तुम्हाला माहीत होते का' या प्रश्नापाशी. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रात्री मोबाइलवर लाल-हिरवे आकडे बघत बसायचा. पैसे आले की गेले, कधी बोलला नाही. माहीत नव्हतं, एवढंच लिहा ना." खोटे लिहिल्यास शिक्षा होऊ शकते, अशा प्रतिज्ञेखाली त्या फॉर्मवर सही होते. शिवाय या मार्गाने केलेला अर्ज नाकारायचा तर अर्जदाराला त्या उत्पन्नाची प्रत्यक्ष माहिती होती, हे आयआरएसला सिद्ध करावे लागते. नुसती शंका येण्याजोगी परिस्थिती असणे पुरेसे नसते. म्हणून त्या जसे बोलल्या तसेच, लाल-हिरव्या आकड्यांसकट, मी लिहिले.

त्यानंतरची गोष्ट सांगणे मला अधिक जड गेले. अर्जाची माहिती पतीला कळवली जाते आणि त्याला आपले म्हणणे मांडता येते. घरात मारहाण झालेली असली तरी या नियमाला अपवाद नाही. "त्याला माझा पत्ता कळेल?" त्यांनी पिशवी घट्ट धरली होती. पत्ता कळवत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितले. फॉर्मवर सही करायला त्या दोन दिवसांनी पुन्हा आल्या.

निर्णय यायला नऊ महिने लागले. ऑप्शनच्या नफ्यावरचा कर, दंड आणि व्याज पतीच्या वाट्याला गेले. त्याच नोटिशीनुसार बाईंच्या स्वतःच्या मुदत ठेवीवरचे १८४ डॉलर व्याजही दाखवायचे राहिले होते, त्याचा कर मात्र त्यांच्याच नावावर राहिला. तो त्यांनी माझ्यासमोर फोनवरून भरला आणि पावतीची छापील प्रत मागून घेतली.