दिलरुबा, झेंडा आणि आमची भांडणं

दिवाळीत दादा आमच्याकडे आला की पहिला चहा होईपर्यंत आम्ही शहाण्या माणसांसारखे बोलतो. नोकरी, गुडघे, मुलांचे मार्क. दुसऱ्या चहाला तो चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता म्हणतो, "पण थोरिनचं ते मला अजून पटलेलं नाही." आई लगेच ओळखते की आता करंज्या भरायला कुणी हाताशी मिळणार नाही.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. थोरिनचं प्रकरण 2012 सालापासून चालू आहे. त्या वर्षी 'द हॉबिट' या चित्रपटाचा, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या आधीच्या गोष्टीचा, पहिला भाग आला. शेवटाकडे झाडं पेटलेली आहेत, शत्रू पांढऱ्या लांडग्यावर बसून मजा बघतोय आणि ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्या लोकांच्या जमातीचा, म्होरक्या थोरिन आगीतून एकटा त्याच्यावर चालून जातो. मागे वृंदगान उसळतं, अंगावर काटा येतो. काटा खरा, चाल मात्र दुसऱ्याचीच. ही चाल नाझगुलांची! अंगठ्यांच्या लोभात माणूसपण घालवून बसलेल्या त्या नऊ काळ्या स्वारांची. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या आधी आलेल्या तीन चित्रपटांत ते आले की हीच चाल यायची, आणि तिचे शब्दही त्यांच्याच तोंडचे. 'आम्ही आमच्या निर्मात्याला नाकारतो' अशा अर्थाचे. मुंजीच्या घरी बँडवाल्यानं पाठवणीचं गाणं वाजवावं, तसं हे झालं.

दादाच्या मते ही शुद्ध गफलत. काम हातघाईवर आलं की हाताला लागेल ती जुनी चाल चिकटवतात. माझं म्हणणं वेगळं. थोरिनही पुढे सोन्याच्या मोहात बुडणार आहे, मग सुरांनी ते आधीच सांगून ठेवलं असेल तर? दादा यावर फिस्सकन हसतो. "दुसऱ्याच्या चुकीला तू कीर्तनकारासारखा अर्थ लावतेस." खरं सांगायचं तर मलाही माझं म्हणणं निम्मंच पटतं. पण बारा वर्षं लावून धरलेली बाजू अशी सोडवत नाही.

ज्यांना या सगळ्याचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक, जुन्या इंग्रजीचे जाणकार. त्यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954 आणि 55 मध्ये तीन खंडांत आलं. मराठीत मुग्धा कर्णिकांनी त्याचा 'स्वामी मुद्रिकांचा' केला. पीटर जॅक्सननं न्यूझीलंडमध्ये त्यावर तीन चित्रपट केले. ते 2001, 2002 आणि 2003 च्या डिसेंबरात लागले, आणि तिन्हींचं संगीत हॉवर्ड शोर या कॅनडाच्या संगीतकाराचं. वाजवणारा मुख्य वाद्यवृंद लंडन फिलहार्मोनिक. पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. दुसऱ्याला साधं नामांकनही नाही, आणि दादाचं सगळ्यात लाडकं संगीत नेमकं त्यातलंच. त्यामुळे ऑस्करचा विषय आमच्याकडे जेवताना काढायचा नाही असं ठरलं आहे.

शोरनं केलं काय, तर गावाला, वंशाला, वस्तूला आपापली चाल दिली. ही रीत जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांपासूनची. मोजणाऱ्यांनी तीन चित्रपटांत अशा ऐंशीहून जास्त चाली मोजल्या आहेत. एकदा कान तयार झाला की पडद्यावर नसलेला माणूसही ऐकू येतो. पहिल्या भागात एल्रॉन्डच्या, म्हणजे अमर एल्फांच्या एका सरदाराच्या, सभेत बोरोमिर नावाचा योद्धा आपल्या राज्याबद्दल, गोंडोरबद्दल बोलतो, तेव्हा मागे एकटा हॉर्न वाजतो. गोंडोर तोवर आपण ओझरतंच पाहिलेलं असतं. ते नीट दिसणार तिसऱ्या भागात, दोन वर्षांनी, आणि तिथे डोंगरामागून डोंगर मशाली पेटत जातात तेव्हा तीच चाल सगळा वाद्यवृंद उचलून धरतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री अकराला दादाला फोन लावला होता. तो म्हणाला, "झालं एकदाचं तुझं कान टोचणं."

तसंच त्या पतंगाचं. गँडाल्फ हा म्हातारा जादूगार एका मनोऱ्याच्या माथ्यावर कैदेत असताना एक पतंग त्याच्यापाशी येतो, आणि मागे एका मुलाचा कोवळा आवाज एक साधी चाल गातो. पुढच्या भागात झाडं चिडून त्याच मनोऱ्यावर चाल करून जातात तेव्हा तोच सूर परत येतो, या खेपेला चांगला मोठा होऊन. पतंगानं झाडांना निरोप पोहोचवला असं कुणी पडद्यावर म्हणत नाही. ते सुरांतच मिटवलेलं आहे.

दादा मूळचा पुस्तकवाला. पुस्तकवाल्यांची एक यादी असते आणि ती माळेसारखी जपली जाते. टॉम बाँबाडिल गाळला, एक. शेवटी गोष्टीचे चार छोटेखानी नायक, हॉबिट, घरी परततात तेव्हा त्यांचा मुलूख, शायर, नासवलेला असतो, ते अख्खं प्रकरण गाळलं, दोन. पुढे बरीच आहे, मी दोनवरच कान मिटते. पण त्या दुसऱ्या मुद्द्यावर मी सिनेमाच्या बाजूनं उभी राहते. चित्रपटात शायर जसंच्या तसं हिरवं असतं, आणि चौघे गुत्त्यात एका टेबलाशी पेले घेऊन बसतात. सगळा गुत्ता एक भलाथोरला भोपळा कौतुकानं बघण्यात गुंग. जग वाचवून आलेल्या या चौघांकडे ढुंकून बघायला कुणाला सवड नाही. ते एकमेकांकडे बघतात आणि गप्प राहतात. जळालेलं गाव दाखवलं असतं तरी त्या भोपळ्याइतकं मला लागलं नसतं. दादा म्हणतो, ही पळवाट आहे. असेल. चांगली पळवाटही सुचावी लागते.

पण गाळलेलं सगळं गेलं असंही नाही. वृंदगानाचे शब्द घ्या. टॉल्किननी आपल्या गोष्टीसाठी भाषाच्या भाषा रचल्या होत्या, व्याकरणासकट. शोरनं गायकवृंदाला त्याच भाषांत गायला लावलं, आणि डेव्हिड सालो नावाच्या जाणकारानं ते शब्द त्या भाषांत उतरवून दिले. मोरियाच्या खाणीत ड्वार्फांची भाषा, रोहान या घोडेस्वारांच्या राज्यात मात्र खरीखुरी जुनी इंग्रजी, नाझगुलांना समुद्रात बुडालेल्या एका बेटाची भाषा. थिएटरात यातलं काही कळायची सोय नाही. तलवारींचा खणखणाट, ओरडा, आणि शेजारच्या रांगेतले पॉपकॉर्न. तरी गायलंय अचूक. देवळाच्या शिखराच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर पोहोचत नाही, तिथेही कारागीर कोरून ठेवतो, तसं.

हे मला नीट उमगलं ते आईमुळे. तिला या गोष्टीतला एकही माणूस ओळखता येत नाही. गँडाल्फला ती 'तो दाढीवाला' म्हणते, आणि दाढीवाले दोन असल्यामुळे चांगला कोण आणि वाईट कोण हे तिला शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्या हॉलमध्ये भिंतीवर गवसणीत एक दिलरुबा टांगलेला आहे. आईच्या माहेरचा, आजोबांचा. म्हणजे तो दादाचाही. आजोबा त्यावर गुरुवारच्या भजनाला साथ करायचे. गज ज्या तारांवर फिरतो त्या मोजक्याच. त्यांच्या खाली डझनभर बारीक तारा असतात, तरफेच्या. त्यांना कुणी हात लावत नाही. वरचा सूर नेमका लागला की त्या आपोआप गुंजतात. लहानपणी आम्ही दोघं त्याच्यासमोर उभं राहून 'आ' करायचो आणि तो आतून उत्तर द्यायचा. आजोबांना शिंक आली तरी द्यायचा. दादाची तेव्हा खात्री होती की आत कुणीतरी राहतं.

तर गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी दुसरा भाग लावला होता. गँडाल्फ आणि तिघे घोड्यांवरून रोहानच्या राजधानीकडे येतात. उघडा माळ, मधेच एक टेकडी, टेकडीवर राजाचा वाडा. वाड्याच्या ओट्यावर पांढऱ्या कपड्यातली राजाची भाची एओविन एकटी उभी. वारा सुटलेला. काठीवरचा झेंडा फाटून उडतो आणि तरंगत खाली येतो, येणाऱ्या घोड्यांच्या बाजूला पडतो. या सगळ्यावर एक तंतुवाद्य वाजत असतं. व्हायोलिनसारखं, पण थोडं खरखरीत, आवाजाला मागून झिलई असलेलं.

आई कणीक भिजवत होती. हात तसेच पिठाचे घेऊन दारात आली.

"याला तरफा आहेत," ती म्हणाली.

"आत्या, ते फिडल आहे. नॉर्वेचं," दादा म्हणाला. पडद्यावरची नजर काढली नाही.

"असेल नॉर्वेचं. खाली तारा आहेत त्याच्या. एक वाजतंय आणि बाकीच्या नुसत्या गुंजतायत. कान आहेत ना तुला?"

दादानं थांबवलं आणि मोबाइलवर शोधलं. हार्डांगर फिडल, नॉर्वेचं लोकवाद्य. वर चार तारा वाजवायच्या, खाली चार किंवा पाच नुसत्या गुंजायच्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. हे वाद्य रोहानचं आहे हे त्याला पहिल्यापासून पाठ होतं, वाजवणाऱ्याचं नावही, डर्मॉट क्रेहान. आपल्या आजोबांच्या भिंतीवरच्या वस्तूचं ते लांबचं भावंड आहे, हे मात्र वीस वर्षांत आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

मग आमच्यात उत्साह संचारला. आईला पकडून बसवलं आणि परीक्षाच घेतली. लोथलोरिएनच्या जंगलातला तुकडा लावला, पहिल्या भागातला. "सारंगी आहे की," ती सहज म्हणाली. आहेच, शोरनं एल्फांच्या त्या राज्यासाठी खरोखर सारंगी वापरली आहे. मग इसेनगार्डच्या, म्हणजे वाईट दाढीवाल्याच्या गडावरच्या, कारखान्याचं संगीत लावलं. लोखंडाचे ठोके, पाच मात्रांचं चक्र. आईनं पिठाच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर मोजायला घेतलं. "धी ना, धी धी ना. अर्धा झपताल." वजन नेमकं तसंच पडत नव्हतं, पण पाचाचा हिशेब चुकत नव्हता. दादानं लाडवाचा रिकामा डबा ओढून साथ सुरू केली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, काही दुरुस्ती चाललीय का.

संध्याकाळी दादा म्हणाला, आपलं भांडण जरा चुकीच्या जागी चाललंय. पुस्तक म्हणजे तरफ. त्याच्यावर गज फिरत नाही, पण वरचा सूर बरोबर लागला की ते खालून गुंजतं. नसेल लागला तर कितीही मोठा वाद्यवृंद आणा. मला हे इतकं आवडलं की मी लगेच म्हणाले, "मग थोरिनच्या वेळी काय गुंजलं?" तो उखडला. 'हॉबिट'च्या पहिल्या भागात ड्वार्फ चूल पेटलेल्या खोलीत डोंगरावरचं गाणं म्हणतात. ती चाल चित्रपटभर फिरते आणि पुढच्या दोन भागांत जवळजवळ गायबच होते. तिथे तर तरफच काढून टाकली, असं तो म्हणाला. यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या चालीसाठी मलाही अजून चुकल्यासारखं होतं.

जायच्या दिवशी दादानं दिलरुबाची गवसणी काढली. तरफेच्या तीन तारा तुटलेल्या, दोन खुंट्या फिरेनात, आत कोळ्यानं घर केलेलं. म्हणजे तेवढ्यापुरतं त्याचं लहानपणीचं म्हणणं खरं निघालं. वाद्यांच्या दुकानात विचारू म्हणून त्यानं फोटो काढून घेतले. आजोबांच्या हातच्या वस्तूला अनोळखी माणसानं हात लावायचा का, यावर आई आणि तो दारात उभ्या उभ्या वीस मिनिटं बोलत राहिले.

रिक्षा आली. तो चप्पल घालत असताना आई मला म्हणाली, "ते परत लाव गं."

"काय?"

"ते फिडल. तो दाढीवाला येतो ते नको. झेंडा पडतो तिथपासून लाव."

दादा चप्पल काढून परत आत आला.