अपडेट चालू द्या, वेळ तेवढी आपली ठेवा

दादाच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजऐवजी वापरायची लिनक्स सिस्टम) मीच घालून दिलं, त्यामुळे तक्रारखिडकीही मीच. ‘अगं, सकाळी लॅपटॉप उघडला की पंखा घुरघुरतो, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला गेलो तर लॉकची वाट बघतोय म्हणतो.’ टर्मिनलमधला तो मेसेज नीट वाचला तर लॉक (एका वेळी एकालाच सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवू देणारं कुलूप) कुणी धरलंय तेही दिसतं: अनअटेंडेड-अपग्रेड, म्हणजे आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्रॅम. त्याचं होईपर्यंत थांबायचं, बस्स. लॉकची फाइलच उडवा, असा सल्ला नेटवर सर्रास मिळतो. तो ऐकू नका, अर्धवट बसलेली पॅकेजं निस्तरत बसाल.

पण रोज दुकान उघडतानाच का? तर या अपग्रेडचा टायमर सकाळी 6 ला लावलेला असतो, त्यात तासाभरापर्यंत उशीर. तेव्हा लॅपटॉप बंद. सिस्टमडी (उबुंटूमधली कामं वेळेवर सुरू करणारा भाग) हुकलेली पाळी लक्षात ठेवतं आणि बटण दाबलं रे दाबलं की कामाला लागतं. समोर आधारकार्ड घेऊन रांग उभी.

बरेच जण इथे वैतागून अपडेटच बंद करतात. हे मला अजिबात पटत नाही. आपोआप येतात ते मुख्यतः सुरक्षेचे पॅच, आणि दुकानाच्या लॅपटॉपवर दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात. मी ‘सिस्टमसीटीएल एडिट’ या कमांडने तो सकाळचा टायमर (त्याचं नाव एपीटी-डेली-अपग्रेड) दुपारी 2 वर नेला, दादाच्या जेवणाच्या वेळेवर. त्यात ‘ऑनकॅलेंडर’ची, म्हणजे वेळेची, एक ओळ आधी रिकामी लिहायची आणि मग नवी वेळ, नाहीतर जुनी 6 ची वेळही चालूच राहते. शिवाय ‘पर्सिस्टंट’ फॉल्स, म्हणजे हुकलेली पाळी सकाळी उगवत नाही.

स्नॅपचा, म्हणजे उबुंटूच्या अ‍ॅप बसवण्याच्या दुसऱ्या यंत्रणेचा, कारभार वेगळा. फायरफॉक्स स्नॅपमधून येतो आणि स्नॅप दिवसातून 4 वेळा नवे अपडेट आलेत का ते डोकावतं. ‘अ‍ॅप बंद करा, 13 दिवस उरले’ ही नोटिफिकेशन त्याचीच. त्यालाही ‘रिफ्रेश.टायमर’मध्ये दुपारचीच वेळ दिली.

वीज गेली की दादा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येतो, रोजचा दीड जीबी. वायफायच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेलं) असलं की अनअटेंडेड-अपग्रेड गप्प बसतं. स्नॅपला मात्र ‘रिफ्रेश.मीटर्ड’ होल्डवर ठेवून वेगळं सांगावं लागतं.

नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) आला तर रीस्टार्ट लागतोच. पण दादा रात्री शटर ओढताना लॅपटॉप बंद करतो, म्हणून तिकडे मी हातच लावला नाही.