आमची वाटचाल : दूध बिलातली पीडीएफ

२०१२ साली कोल्हापुरात दोन खोल्यांच्या जागेत आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दरपत्रक, दहा दिवसांचं बिल. हिशेबाचा कोड आमचा. बिलाच्या पीडीएफसाठी मात्र आयटेक्स्ट ५ ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेतली. तिची जार (जावा कोडची एकत्र बांधलेली फाइल) उतरवली, प्रोजेक्टमध्ये टाकली, बिल छापलं. फुकट मिळते म्हणजे कशीही वापरावी, एवढीच आमची समज.

२०१८ मध्ये एका मोठ्या दूध संघाचं काम मिळायच्या बेतात होतं. करारापूर्वी त्यांच्या तपासनिसानं सगळ्या लायब्रऱ्यांची यादी परवान्यांसह मागितली. यादी करता करता पोटात गोळा आला. आयटेक्स्ट २००९ पासून, पाचव्या आवृत्तीपासूनच, एजीपीएल या मुक्त पण कडक अटींच्या परवान्याखाली आहे. ती जोडून सॉफ्टवेअर द्यायचं तर आपला सगळा सोर्स कोडही त्याच परवान्यानं द्यायचा, नाहीतर व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा. आम्ही सहा वर्षं दोन्ही केलं नव्हतं. लिहिणाऱ्यांनी अट स्पष्ट लिहून ठेवली होती, आम्ही ती परवान्याची फाइल उघडलीच नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते.

संघाला खरं ते सांगितलं, मुदत मागून घेतली आणि ओपनपीडीएफकडे वळलो. ती आयटेक्स्टच्या चौथ्या आवृत्तीतून फुटून वेगळी वाढलेली लायब्ररी, एलजीपीएल आणि एमपीएल या सैल परवान्यांखाली मिळणारी. त्याच वेळी जुने फाँट सोडून बिल युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत) आणलं, आणि पहिल्याच छपाईत 'लिटर'चं 'लटिर' झालं. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. छापताना ती उचलून अक्षराच्या अलीकडे मांडावी लागते. त्या अक्षरजुळणीतच तीन आठवडे गेले.

एलजीपीएलनं आमचा कोड मागितला नाही. पण ग्राहकाला लायब्ररी बदलता यावी म्हणून जार वेगळी ठेवावी लागली, आणि आमच्या करारातलं 'सॉफ्टवेअर उलगडून पाहण्यास सक्त मनाई' हे कलम सैल करावं लागलं. वकिलांना ते पटवणं कोडपेक्षा अवघड गेलं. मायएसक्यूएल या डेटाबेसला जोडणारा कनेक्टर जीपीएलचा, म्हणजे आपला कोडही मागणाऱ्या परवान्याचा निघाला, त्याच्या जागी मारियाडीबी या डेटाबेसचा एलजीपीएलवाला आला. एमआयटी आणि अपाचे परवानेवाल्यांचं मागणं साधं : 'आमचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा.' तोही आम्ही ठेवला नव्हता.

आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्या जुन्या डेअऱ्यांत नवी आवृत्ती बसवली, मगच संघाच्या करारावर सही केली. आता नवी जार घेण्याआधी तिचा परवाना वहीत नोंदवला जातो. वहीतली पहिली नोंद फाँटची आहे : नोटो सान्स देवनागरी, ओपन फाँट लायसन्स, सॉफ्टवेअरसोबत देता येतो, नुसता विकता येत नाही.