शेड पाडण्याआधी आम्हाला बोलवा

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि बघता बघता पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. नंतर नवे प्लांट चाकण, तळेगाव, रांजणगावकडे उभे राहू लागले आणि जुन्या आवारांना कुलपं लागली. आज तिथं टॉवर होताहेत. कुलूप लागल्यावर आणि भूमिपूजनाचा नारळ फुटण्याआधी त्या जमिनीत काय मुरलंय ते तपासायचं, हा आमच्या छोट्या फर्मचा धंदा.

असं काही ठरवून सुरू केलं नव्हतं. मी भूशास्त्राची, भागीदार रसायनशास्त्राचा. चिंचवडला भाड्याची एक खोली घेऊन बोअरवेलच्या जागा दाखवणं आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने घेणं एवढंच चालायचं. जमिनीचं पहिलं काम आलं ते एका परदेशी कंपनीकडून. त्यांना इथला चालू प्लांट विकत घ्यायचा होता आणि आधीच्या मालकाची घाण आपल्या गळ्यात पडायला नको होती. पुढं बराच काळ अशाच कामांवर घर चाललं. बिल्डर मंडळी मात्र फिरकत नव्हती. "मॅडम, सॉइल टेस्टिंग झालंय की आमचं!" हे वाक्य किती जणांकडून ऐकलं असेल! त्यांचं सॉइल टेस्टिंग जमीन किती भार पेलेल ते सांगतं. तिच्यात शिसं आहे का, तेल आहे का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पुण्यात हटकून सापडतं ते क्रोमियम. गाड्यांचे सुटे भाग म्हटले की प्लेटिंग, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा, आलंच, आणि जॉबवर्क करणारी छोटी युनिटं गल्लोगल्ली. टाकीतलं द्रावण सांडतं, फरशीच्या सांध्यातून झिरपतं. क्रोमियमचं सहा संयुजेचं रूप पाण्यात सहज विरघळतं आणि तेच घातक. वर मुरूम, खाली भेगाळलेला काळा कातळ, म्हणजे पाण्याला आयत्या वाटा. या कातळात एका बोअरला स्वच्छ पाणी आणि शेजारच्याला पिवळं, असं सर्रास घडतं. त्यामुळे एक बोअर मारून 'जागा साफ आहे' असा दाखला देणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

म्हणूनच शेड उभी असताना जायचं. भंगारवाला एकदा आत शिरला की पत्रे, अँगल, ॲसिडप्रूफ टाइल्स सगळं उचलतो आणि त्याबरोबर आमचा पुरावाही जातो. भिंतीच्या बुडाशी आलेली पिवळट बुरशीसारखी पुटं, कोबा खचलेली जागा, गटाराची दिशा, हे कुठल्याच नकाशात नसतं. जुना कामगार भेटला तर सोन्याहून पिवळं. भोसरीच्या एका आवारात वॉचमनच्या ओळखीनं निवृत्त झालेले एक काका आले. त्यांनी सरळ मागच्या कंपाउंडकडं बोट केलं, "पावसाळ्यात गाळाची गाडी यायची न्हाई ताई, मग हितंच खड्डा घेऊन टाकायचो." लेआउटमध्ये तिथं बगीचा दाखवला होता, आणि आर्किटेक्टनं मुलांची खेळायची जागाही तिथंच धरली होती. नमुने निघाले, बर्फाच्या पेटीतून त्याच संध्याकाळी लॅबला गेले. पाण्यातलं हे क्रोमियम चोवीस तासांच्या आत तपासावं लागतं, त्यामुळे चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकला आम्ही जरा जास्तच शिव्या देतो. रिपोर्ट काकांच्या बाजूनं आला.

उपाय अगदीच अघोरी नसतात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत नीट मिसळलं की सहा संयुजेचं क्रोमियम तीनवर येतं आणि बरंचसं जागीच बसतं. जास्त बिघडलेली माती उचलून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या भूभरावात (लँडफिलमध्ये) पाठवता येते. गाडीगणिक कागद लागतात, खर्चही येतो. पण इथल्या जमिनीचा भाव बघता तो खर्च पुण्यात परवडतो. डेट्रॉइटसारख्या ओसरत्या शहरात, जिथली महापालिकाच 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली, साफसफाईचा खर्च अनेकदा जमिनीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून अशा जागांसाठी अमेरिकेनं 2002 मध्ये कायदा करून सरकारी अनुदानाला बळ दिलं. तिथं गिऱ्हाईक नाही म्हणून जमीन पडून राहते. आपल्याकडे गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्यामुळे पैसा मिळतो पण साफसफाईला चार महिने मिळत नाहीत.

या घाईचा सगळ्यात वाईट परिणाम दिसतो तो भरावात. दोन मजली बेसमेंट खणलं की शेकडो डंपर मुरूम निघतो आणि तो विकला जातो. कारखान्याखालचा मुरूम कुणाच्या तरी बंगल्याच्या प्लॉटवर, ओढ्याकाठच्या सखल जागेवर जाऊन पडतो आणि तिथून पुढं त्याचा माग लागत नाही. खड्ड्यात साचलेलं पाणी मोटार लावून पावसाळी गटारात सोडतात, ते पवना नदीला मिळतं. हॉलंडमध्ये लेकरकेर्क गावात 1980 मध्ये पावणेतीनशेच्या आसपास कुटुंबं घराबाहेर काढावी लागली, कारण घराखालच्या भरावात रसायनांची पिंपं निघाली. त्यानंतर त्यांनी मातीसाठी मर्यादा ठरवल्या. आमचे रिपोर्ट कित्येक वर्षं त्याच डच आकड्यांवर चालले, कारण पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको हे आपल्याकडे ठरलेलं होतं, पण मातीसाठी बंधनकारक आकडा नव्हता. "नेदरलँडचं इथं कशाला?" या प्रश्नावर कितीतरी मीटिंगा संपल्या, आणि काही बिलंही तिथंच अडकली. तेव्हापासून अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय बोअर मारायची रिग हलत नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांचे नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनानं वर्षातून दोनदा द्यायची, राज्याच्या प्रदूषण मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल करायचा. मालक तीनदा बदललेल्या प्लॉटवर घाण करणारा कोण हे कसं ठरणार, याबद्दल मला शंका आहे. पण फोन वाढलेत, आणि आता वकीलही विचारतात. टायटल सर्चबरोबर, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासणीबरोबर, आमचा रिपोर्ट मागणारे दोघेतिघे झालेत. करारात आम्ही एक कलम घालायला लावतो: निघालेला मुरूम तपासल्याशिवाय गेटबाहेर जाणार नाही. त्यावर जो बिल्डर अडतो, त्याचं काम आम्ही घेत नाही. मुंढव्याच्या बाजूचं पुढचं काम मात्र तिथल्या मालकांनी स्वतःहून दिलंय. भंगारवाल्याला त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय.