पट्टीपासून घाटापर्यंत: आमची वाटचाल

2009 साली रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका गाळ्यात एक कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि मेव्हण्याकडून उसनं आणलेलं टेबल एवढ्यावर मी दुकान थाटलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘टॅली, पॅन कार्ड, झेरॉक्स’. पाटी अजून तीच आहे, फक्त झेरॉक्सवर रंग मारला. ओळखीचे लोक म्हणतात, आता तुम्ही ते नेटवर्कचं, मॉडेलचं काय काय करता म्हणे, मग पाटी का बदलत नाही? कारण गाळ्याचं भाडं अजून पाटीवरच्याच कामातून निघतं.

आमचं मुख्य काम आंब्याच्या पट्ट्यांचं. बागायतदार वाशीला पेट्या पाठवतो आणि काही दिवसांनी दलालाची पट्टी येते. किती डझनाच्या किती पेट्या, काय भाव लागला, भाडं आणि हमाली वजा जाता हातात काय आलं, सगळं एका चिटोऱ्यावर. मे संपला की बागायतदार पिशवीभर पट्ट्या आणून टेबलावर ओततात आणि म्हणतात, ‘जरा बघ रे, यंदा उरलं काय?’ ते मी सांगायचो. अकरा हंगाम एवढंच सांगत होतो.

मार्च 2020 मध्ये भाची पुण्याहून पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. घरात बसून कंटाळली, म्हणून जुन्या पट्ट्या एक्सेलमध्ये भरायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘मामा, तू प्रत्येकाचा हिशेब वेगळा करतोस. हे सगळं एका चित्रात कधी बघितलंयस?’

मी कॉमर्सचा माणूस. मग तिनं एका पट्टीच्या पाठीवर नदी काढली, दोन बेटं काढली, सात पूल काढले. कोनिग्जबर्ग नावाचं शहर, आज ते रशियात आहे आणि त्याला कालिनिनग्राड म्हणतात. प्रत्येक पुलावरून एकदाच जाऊन सगळं शहर फिरता येईल का, असा तिथल्या लोकांचा खेळ होता. ऑयलर नावाच्या गणितज्ञानं 1736 मध्ये दाखवून दिलं की येणार नाही. पूल किती लांब, रस्ता किती वाकडा, याच्याशी त्याला कर्तव्यच नव्हतं. काय कशाला जोडलंय, एवढंच त्यानं पाहिलं. म्हटलं, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. तर म्हणाली, हो, पण रेघा आपण ठरवायच्या नाहीत, त्या शोधायच्या.

बागायतदार, टेम्पोवाले, दलाल हे ठिपके. पट्टी म्हणजे रेघ. पायथॉनमधली नेटवर्कएक्स नावाची फुकट मिळणारी लायब्ररी वापरून पहिलं चित्र काढलं, आणि बायको पाहून म्हणाली, मॅगी झाली आहे. खरंच झाली होती. काही शे ठिपके आणि हजारो रेघा एकदम कागदावर आल्या की डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिसतं ते मोजल्यावर.

सगळ्यात सोपं माप म्हणजे कुणाला किती रेघा. त्यात मोठे दलाल वर आले. ते सांगायला कॉम्प्युटर कशाला हवा? दुसरं माप मात्र मजेशीर निघालं. कुठल्याही दोन ठिपक्यांमधली जवळची वाट काढायची आणि अशा किती वाटा एखाद्या ठिपक्यावरून जातात ते मोजायचं. त्यात पहिला आला पावस-पूर्णगड भागातला एक टेम्पोवाला. पेट्या थोड्याच नेणारा, पण दोन वेगळ्या गटांतल्या बागायतदारांना दोन वेगळ्या बाजूंच्या दलालांशी जोडणारा तो एकटाच. त्याचा ठिपका पुसला की चित्राचे दोन तुकडे. हे चित्र मी कौतुकानं त्यालाच दाखवलं. पुढच्या हंगामात त्यानं पेटीमागे भाडं वाढवलं. धंद्यात शिकलेल्या गोष्टींत ही वरच्या नंबरची.

लॉकडाऊनच्या त्या पहिल्या हंगामात बाजार अडखळले आणि अनेकांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना व्हॉट्सॲपवर थेट पेट्या विकल्या. ऑर्डर कुणामार्फत आली हे आम्ही प्रत्येकाला विचारून लिहून ठेवलं. सख्ख्या नातेवाइकांकडून एकदोन पेट्या, आणि मोठ्या ऑर्डरी मात्र जेमतेम ओळखीच्या माणसांकडून. कुणाच्या जुन्या भाडेकरूचा मित्र डोंबिवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी, अशा थाटाच्या. ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये हेच मांडलं होतं. जवळची माणसं आपल्याच वर्तुळातली, त्यांना ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी पातळ ओळखीतून येते. कोकणातल्या माणसाला हे नवीन वाटू नये, आपल्याकडे निम्म्या नोकऱ्या ‘गाववाला आहे’ एवढ्यावर लागल्या आहेत.

आता फसलेल्या कामांबद्दल. पहिल्या वर्षी एका बागायतदाराला आम्ही छातीठोक सांगितलं की तुमचा माल अमुक दलालाकडे वळवा, तुमच्यासारख्याच मालाला तिथे सातत्यानं बरा भाव आहे. आकडे चोख होते. ते काका शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘बाळा, फवारणीला ऑक्टोबरात उचल कोण देतो ते तुझ्या चित्रात खंय आहे?’ कुठेच नव्हतं. मोहोर येण्याआधीच दलालाकडून घेतलेली उचल हीच त्यांची खरी रेघ, आणि ती पट्टीवर छापलेली नसते. आम्ही मालाचं जाळं काढलं होतं, उधारीचं काढलंच नव्हतं. भाची त्या रात्री जेवली नाही. मीही फी मागितली नाही.

दुसरी फजिती गटांची. जाळ्यात आपापसात घट्ट बांधलेले गट शोधायची एक पद्धत आहे, 2008 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हँच्या संशोधकांनी मांडलेली. झटपट चालते, म्हणून सगळे वापरतात. तिचा स्वभाव असा की ठिपके कुठल्या क्रमानं घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, त्यामुळे तोच डेटा, तोच प्रोग्राम, तरी उत्तर थोडं बदलू शकतं. आम्ही एका बागायतदार मंडळींच्या बैठकीत आदल्या दिवशी सात गट सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर आठ. एक तात्या उठून म्हणाले, ‘काल सात, आज आठ. रात्रीत कोण व्यालं?’

हसं झालं ते बरंच झालं. तेव्हापासून आम्ही पत्ते पिसायला लागलो. म्हणजे प्रत्येकाच्या रेघा जितक्या आहेत तितक्याच ठेवायच्या, पण कोण कुणाला जोडलंय ते आंधळेपणानं बदलायचं, आणि अशी हजार खोटी जाळी तयार करायची. आपल्याला खऱ्या जाळ्यात दिसलेला नमुना त्या खोट्यांतही तेवढ्याच ताकदीनं दिसला, तर तो नमुना नव्हे, भास. त्या आठ गटांपैकी पिसल्यावर टिकले तीन. ढगात हत्ती दिसतो तसं जाळ्यातही काहीही दिसतं, आणि रंगीत छापून दिलं की गिऱ्हाईकाला ते पटतंही. या क्षेत्रातले बरेच लोक इथेच थांबतात, असं माझं मत आहे.

2021 च्या सुरुवातीला औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याचं काम आलं. तोवरचं आमचं सगळ्यात मोठं. रत्नागिरी आणि चिपळूणच्या दुकानांना तो माल पुरवतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्या रात्री त्याची गाडी त्याच रस्त्यावर दोन तास मागे होती. ती धास्ती त्याच्या मनातून गेली नव्हती. त्याचा प्रश्न सरळ होता: कुठला रस्ता बंद पडला तर मी अडकतो?

आम्ही मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वे, आंबा घाट, कुंभार्ली, अणुस्कुरा असं सगळं जाळं मांडलं. एकेक रेघ पुसून पाहिली, मग दोन-दोन. एक बंद पडला तर दुसरा आहे, दोन पडले तर तिसरा आहे. तीन एकदम बंद पडायची शक्यता काढताना तिघांच्या शक्यतांचा गुणाकार केला. उत्तर इतकं बारीक आलं की अहवालात आम्ही लिहिलं, याची चिंता करू नये. तीन पानं, रंगीत नकाशा. पैसेही वेळेवर मिळाले, हे मुद्दाम सांगतो, कारण तसं क्वचित होतं.

22 जुलै 2021. चिपळूण पाण्याखाली गेलं. वाशिष्ठीवर महामार्ग तुटला, चिपळूण आणि कामथ्याच्या मध्ये नदीच्या पाण्यानं रेल्वे थांबली, आंबा घाटात रस्ता खचला, कुंभार्लीत दरडी आल्या. ज्याची चिंता करू नये म्हणून लिहून दिलं होतं, ते एका दिवसात झालं.

चूक शाळकरी होती. गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा एकाचं दुसऱ्याशी देणंघेणं नसतं. दोन नाणी वेगवेगळी उडवली तर ठीक. पण इथे पाऊस एकच. सह्याद्रीवर तो कोसळतो तेव्हा सगळ्या घाटांवर कोसळतो आणि तेच पाणी खाली नदीत येतं. आम्ही रस्त्यांना रस्ते जोडले होते, आणि त्या सगळ्यांना जोडणारा पाऊस कागदावर नव्हता. पुन्हा उचलीचीच गोष्ट.

व्यापाऱ्याचा फोन लागायला तीन दिवस लागले. मी माफी मागितली. तो म्हणाला, गोडाऊनमध्ये चिखल आहे, माफीचं नंतर बघू, आधी माणसं पाठवा. आम्ही चौघे बेलचे घेऊन गेलो. चिखल उपसतानाच त्यानं खरा अनुभव सांगितला. रस्ते तर गेलेच, पण आधी लाइट गेली. लाइट गेली म्हणून टॉवर गेले, टॉवर गेले म्हणून दुकानांची मागणी कळेना. इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. फ्रिज जनरेटरवर, जनरेटर डिझेलवर, डिझेल टँकरवर आणि टँकर रस्त्यावर.

भाचीनं नंतर 2010 चा एक शोधनिबंध काढून दाखवला. 28 सप्टेंबर 2003 ला इटलीत वीज गेली होती, त्यावरून काही संशोधकांनी विजेचं जाळं आणि इंटरनेटचं जाळं एकमेकांवर कसं अवलंबून असतं ते मांडलं होतं. एक ढासळलं की दुसऱ्यातले ठिपके बंद, ते बंद म्हणून पहिल्यातले आणखी बंद. एकटी मजबूत असलेली दोन जाळी एकमेकांत गुंतली की अचानक कोसळू शकतात. मी म्हटलं, हे जूनमध्ये का नाही वाचलंस? ती म्हणाली, वाचलं होतं, इटलीचं म्हणून सोडून दिलं.

नवं मॉडेल बनवायला आठ महिने गेले, बिनपैशाचे. त्यात आता आधी पाऊस पडतो, मग रस्ते. एका पावसाला सगळे घाट एकत्र उघडे, किंवा एकत्र धोक्यात. रस्त्यांच्या थरावर विजेचा थर, त्यावर मोबाइलचा. असे हजारो काल्पनिक पावसाळे कॉम्प्युटरवर चालवायचे आणि कुठलं दुकान किती दिवस तुटतं ते मोजायचं. उत्तरात एकही रस्ता आला नाही. आलं ते असं: साठा एका गोडाऊनमध्ये ठेवू नका, नदीच्या दोन्ही बाजूंना ठेवा, आणि थंड ठेवायचा माल जिथे डिझेलही साठवता येतं तिथेच. हे तर माझ्या आजीलाही कळलं असतं, असं व्यापारी म्हणाला. आजी पावसाळ्याआधी दोन्ही घरांत तांदूळ भरून ठेवायची. पण किती आणि कुठे, ते आजीला काढता आलं नसतं, हेही त्यानंच कबूल केलं.

बाकीचं थोडक्यात. मिरकरवाड्याच्या काही नौकामालकांसाठी मासळीचं जाळं मांडायला गेलो होतो, शब्दाची गंमत सोडा, पण जमलं नाही. कुठला तांडेल, म्हणजे नौका चालवणारा, आपली मासळीची जागा सांगेल? एका कार्यालयानं काम करून घेतलं, चहा पाजला, बिल अजून फाइलीत आहे. पाटीवर एआय लिहा, गिऱ्हाईक वाढेल, असं सुचवणारे आठवड्याला एक भेटतात. सध्या आम्ही चौघे आहोत आणि जीएसटीच्या तारखांच्या आठवड्यात सगळे जाळी बाजूला ठेवून रिटर्न भरतो.

गेल्या महिन्यात सावंतवाडीकडच्या एका काजू प्रक्रिया करणाऱ्याचं काम आलं. बी कुठून येते, कुठे अडते, ते बघायचं होतं. त्यानं तीन वर्षांची बिलं पेनड्राइव्हमध्ये तयार ठेवली होती. भाची पहिल्या दिवशी लॅपटॉप न घेताच गेली, गावोगाव बी गोळा करणाऱ्यांच्या ओटीवर बसली आणि रात्रीच्या गाडीनं परत आली. वहीत बावीस नावं, आणि प्रत्येकासमोर कुणाची उचल ते. पेनड्राइव्ह आम्ही अजून उघडलेला नाही.