लपाछपीतून मुलं शिकतात तरी काय?

“ताई, खेळतात ते ठीक आहे, पण त्यातून शिकतात काय?” बालवाडीच्या दारात मुलांना न्यायला आलेले पालक हे हमखास विचारतात, आणि नेमकी तेव्हा अंगणात लपाछपी रंगलेली असते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन वर्षांचं मूल कसं लपतं ते बघा. पडद्यामागे तोंड खुपसतं आणि पाय बाहेर. कधी अंगणाच्या मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी डोळे झाकतं, की झालं लपून! आपल्याला हसू येतं. पण अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हेन्रिके मोल यांनी हीच गोष्ट तपासून पाहिली. दोन ते चार वर्षांच्या मुलांसमोर एक बाई डोळे झाकून बसली आणि मुलांना विचारलं, “ही तुला दिसते का?” पुढ्यात बसलेली असूनही बहुतेक मुलं “नाही” म्हणाली. त्या वयात बघणं हे दोघांनी मिळून करायचं असतं; नजरेला नजर मिळाली तरच दिसलं म्हणायचं.

समोरच्याची नजर आपल्यापेक्षा वेगळी असते, हे मूल या खेळात रोज शिकतं. आमच्याकडे एक मुलगी पाण्याच्या पिंपामागे बसली होती. ऊन तिरपं होतं. तिची सावली पिंपाच्या बाहेर, फरशीवर पडली होती. तिने एकदा सावलीकडे पाहिलं, एकदा राज्य असलेल्या मुलाच्या दिशेने पाहिलं आणि हळूच आत सरकली. सावली आत आली, तशी थांबली. त्या मुलाच्या जागेवरून काय दिसेल, हे तिने बसल्या जागी ताडलं होतं. हे कुठल्या वहीत गिरवून घेता येईल, मला सांगा!

थोडी मोठी मुलं याच्याही पुढे जातात. 1983 साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. तो चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो आणि त्याच्या नकळत आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? अगदी लहान मुलं नवं कपाट दाखवतात. मॅक्सीला बदल माहीतच नाही, तो जुन्याच कपाटाकडे जाणार, हे साधारण चार-पाच वर्षांनंतर उमगतं. आता आपल्या वाडीतली पोरं आठवा. दोघं शर्ट अदलाबदल करतात, भिंतीआडून नुसती बाही दाखवतात, राज्य असलेला भलतंच नाव पुकारतो आणि सगळे ओरडतात, “अंडं!” दुसऱ्याच्या डोक्यात मुद्दाम चुकीची समजूत घालायची, हे काय साधं काम आहे?

राज्य असलेल्याची कसोटी माझ्या मते जास्त मोठी. भोज्या सोडून लांब जावं तर मागून धप्पा बसतो, न जावं तर कुणी सापडत नाही.

आणि कच्चं लिंबू! धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही, ही सोय मुलांनीच जपलेली आहे. मला याचं फार अप्रूप आहे. त्याला झेपेल तेवढाच खेळ त्याच्या वाट्याला द्यायचा, हे सहा-सात वर्षांची मुलं आपसात ठरवतात. मोठे मध्ये पडले की तिथे भांडण होतं.

“मग आम्ही घरी काय करायचं?” हेही विचारता. खेळ सुरू व्हायच्या आधी सोसायटीत एक फेरी मारा. पार्किंगमधल्या गाड्या लॉक आहेत ना, पाण्याच्या टाकीचं झाकण बंद आहे ना, बाहेरून कडी लागेल असं कपाट किंवा जुना फ्रीज कुठे पडलेला नाही ना, एवढं बघा. कुठवर लपायचं याची हद्द ठरवून द्या. मग बाजूला व्हा, आणि गॅलरीतून कुणाची लपायची जागा खुणेनेसुद्धा सांगू नका.