कोलितमाऱ्याचा सरकता काठ

नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात जाणारे वाघाची तारीख बघतात. मी पाणी बघते. पेंच नदीवरचं नवेगाव खैरीचं धरण काठोकाठ असेल तर काठावरचे पक्षी बघायच्या या फेरीला जाऊ नका, कारण जंगल थेट पाण्यात उतरलेलं असतं आणि पाणपक्ष्यांना टेकायला चिखल उरत नाही. फोटो मात्र झकास येतात.

यंदा फेब्रुवारीत आम्ही तिघं पहाटे पाचला नागपूर सोडलं. आमडी फाट्यावरून पारशिवनी, तिथून आधी धरणाच्या काठचं कुंवारा भिवसेन देवस्थान. चैत्रात इथे यात्रेची गर्दी असते, एरवी काठ शांत. वरच्या दगडांवर भरल्या पाण्याची फिकट रेघ, तिच्याखाली उघडी माती, मग कोवळं गवत, मग शिंपल्यांनी भरलेला चिखल. गवतात चितळांच्या लेंड्या, चिखलात तुतवार आणि धोबी. पाण्यातल्या वाळल्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, लांबवर चक्रवाकांची जोडी.

माझी नोंदींची जुनी वही इथेच फसली होती. पहिल्या खेपेला मी लिहिलं, 'टिटवीचं अंडं, पाण्यापासून वीस पावलं.' पुढच्या खेपेला पाणीच कुठल्या कुठे गेलेलं! आता एक अर्जुनाचं झाड ठरवलंय. पावलं त्याच्या बुंध्यापासून मोजायची, फोटो त्याच जागेवरून त्याच दिशेला काढायचा. नोव्हेंबरात त्या झाडापासून पाणी 11 पावलांवर होतं, या खेपेला 64. एवढं केलंत तरी तुमची नोंद दुसऱ्याच्या कामाची होते.

काठ नुसता उन्हाने मागे जात नाही. वरच्या तोतलाडोह धरणावर वीज तयार होते, ते पाणी खाली इथे येतं, आणि इथून नागपूरच्या नळांना जातं. त्याच्याही वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण. 2019 च्या जुलैत नागपुरात दिवसाआड पाणी होतं, आठवतंय ना? तेव्हा ही साखळी वरपासूनच कोरडी होती.

दुपारी याच धरणाच्या काठच्या कोलितमाऱ्याहून बोट घेतली. (बोट सुरू आहे का, हे निघण्याआधी वनविभागाकडे विचारा. पावसाळ्यात जंगलाची दारं बंद असतात.) एका उघड्या बेटापाशी मी उतरू का म्हटलं, तर नावाडी भाऊ म्हणाले, "नाही ताई. आता सुरय बसते तिथं. अंडं मातीच्याच रंगाचं, पाय पडला तं समजत बी नाही." नदी सुरय पाणी उतरलं की अशा बेटांवर अंडी घालते. अचानक पाणी सोडलं तर घरटी बुडतात ती बुडतातच, निदान आपल्या चपलेखाली तरी नकोत. शिवाय या पाण्यात मगरी आहेत. चिखलाचे पाय पाण्यात धुवायचा मोह आवरा.

दुर्बीण 8 बाय 42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. बोटीत ऊन दोन्हीकडून लागतं, वरून आणि पाण्यावरून, म्हणून टोपीसोबत दुपट्टा घ्या. डबा घरूनच न्या. फोनच्या नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा. आमचा ठेवला नव्हता, परत येताना चुकलो आणि पारशिवनीला अंधार करून पोचलो.

मे महिन्यात पुन्हा जातेय. अर्जुनापासून पावलं मोजायला यायचं असेल तर दोन जागा आहेत गाडीत.